खाडा कोणाचा पडतो?

राम राम मंडळी! जळगावात मे महिना सुरू आहे, त्यामुळे आजचा व्हिडिओ पंख्याखाली बसूनच. मागे खरखर ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ राहतात. थोरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं कोडिंग करतो. धाकटा एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्यात हेल्पर. परवा आईला अकराला डॉक्टरकडे न्यायचं होतं. थोरल्याने मेसेज टाकला, ‘दोन तास नाहीये, रात्री बसतो.’ झालं काम! धाकटा गेला असता तर खाडा, म्हणजे दिवसाची मजुरी गेली.

आता तुम्ही म्हणाल, थोरला शिकलेला, म्हणून त्याला मुभा. किमान वेतनाच्या कागदावर असतात ना कुशल, अर्धकुशल, अकुशल, त्याच क्रमाने वेळेची सवलतही मिळत असणार.

मग भुसावळचा लोको पायलट काय अकुशल आहे? किती प्रशिक्षण, किती परीक्षा! पण मुलाच्या शाळेत कार्यक्रम आहे म्हणून गाडी तासभर उशिरा सुटत नाही, भाऊ.

मुळात ही लवचीक वेळ कोणावर मेहेरबानी म्हणून आलेली नाही. १९६७ च्या सुमारास जर्मनीत, म्युनिकजवळच्या एका विमान कंपनीत ती सुरू झाली. सगळे एकाच वेळी यायचे, गेटवर गाड्यांची कोंडी व्हायची, म्हणून! आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने उलट पाळ्यांच्या वेळा फळ्यावर लावायला सांगितल्या. त्यात कामगाराचं संरक्षण होतं, मालकाला वाटेल तेव्हा राबवता येऊ नये म्हणून. पण त्याने घड्याळही पक्कं झालं.

आता खरी गंमत ऐका. समजा, धाकटा मशीन शिकला, एक्स्ट्रुडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर झाला. पगार वाढेल. सुट्टी? आणखी अवघड! मशीन मधेच बंद पडलं की आत प्लास्टिक गोठतं, पुन्हा चालू करायला तासन्‌तास जातात. आणि ते चालवणारा पाळीत हा एकटाच. हेल्परच्या जागी दुसरा उभा करता येतो, पण हेल्परचं ऐकतो कोण? ऑपरेटरचं ऐकतात, पण त्याला सोडत नाहीत.

म्हणून माझं मत विचाराल तर नुसतं कौशल्य पुरत नाही. तेच काम येणारा दुसरा माणूस त्याच पाळीत हवा. दोघांना एकमेकांची मशीनं आली की आपसात तास बदलून घेता येतात. मालक म्हणेल, दोघांना शिकवायचा खर्च कोण करणार? त्याला विचारा, ऑपरेटर तापाने आडवा झाला त्या दिवशी मशीन किती तास थंड होतं?