दाद न देणारा जंतू

मंडळी, घरात कुणाला क्षय निघाला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘टीबीच आहे ना नक्की?’ मला आज दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचंय. हा जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही? हे गोळ्या सुरू होतानाच विचारायचं असतं. आपण मात्र वर्षानुवर्षं ते सगळ्यात शेवटी विचारत आलो.

पूर्वी रीतच तशी होती. गोळ्या द्यायच्या, वाट बघायची आणि वजन वाढेना, खोकला हटेना, की मग बेडका कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला, पाठवायचा. क्षयाचा जंतू महाआळशी. घन माध्यमावर उगवायलाच त्याला सहा-आठ आठवडे लागतात, औषधांची परीक्षा त्यानंतर. तोवर रुग्ण त्याच दहा बाय दहाच्या खोलीत खोकतोय. क्षयाच्या चार औषधांतली दोन निकामी असली तर उरलेल्या दोघांवर सगळा भार पडतो, आणि जंतू त्यांनाही सरावतो. म्हणजे उशीर नुसता वेळ खात नाही, रोग आणखी चिवट करतो.

औषधं अंदाजाने लिहिली तर काय होतं, ते मुंबईनेच दाखवलंय. १९९१ साली धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहून दिल्याची नोंद आहे! डॉक्टरांना हसू नका. हाताशी झटपट चाचणीच नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच-दहा हजार तरी लागतात, आणि दिसला तरी दाद देणारा आणि न देणारा, दोघे सारखेच दिसतात.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्ट या झटपट चाचणीला मान्यता दिली. सरकारी दवाखान्यात यालाच सीबीनॅट म्हणतात. यात जंतू वाढवायची गरजच नाही. यंत्र त्याच्या एका जनुकातला ८१ अक्षरांचा तुकडा वाचतं, कारण रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला न जुमानणाऱ्या बहुतेक जंतूंचा बिघाड तिथेच असतो. दोनेक तासांत उत्तर. आपल्या शेजारी गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट हे असंच यंत्र तर बॅटरीवर चालतं, म्हणून वातानुकूलित खोली नसलेल्या आरोग्य केंद्रातही ठेवता येतं.

पण यंत्राला बेडका लागतो, आणि लोक डबीत थुंकी आणून देतात. पातळ, फेसाळ, पाण्यासारखी. तिच्यात जंतू नसले तर बिचारं यंत्र काय सांगणार? सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून काढा. तेही उघड्यावर, माणसांपासून दूर. बंद न्हाणीघरात नको. बायकांना चारचौघांत खाकरायची लाज वाटते, म्हणून त्यांच्या डबीत हमखास थुंकी सापडते. दवाखान्याने आडोशाची जागा दिली पाहिजे. यंत्रावर लाखो रुपये खर्च करून एका आडोशासाठी अडायचं, हे मला समजत नाही.

आणखी एक. रिपोर्टवर ‘रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, असं वाचलं की घरचे पेढे आणायला निघतात. थांबा. आयसोनियाझिड नावाच्या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल सीबीनॅटचं नेहमीचं कार्ट्रिज काहीच बोलत नाही. त्यासाठी नमुना लाइन प्रोब चाचणीला मोठ्या प्रयोगशाळेत जावा लागतो. तो गेला का आणि रिपोर्ट कधी येणार, हे रिपोर्ट घेतानाच खिडकीवर विचारा.