अमेरिकेतील स्थानिक गन शो: गर्दी, माल आणि जाणकार

अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागांतील लहान शहरांत शनिवारी सकाळी जत्रेच्या मैदानावरील प्रदर्शन-सभागृहासमोर रांग लागलेली असली, की आत गन शो, म्हणजे बंदुकांच्या खरेदी-विक्रीचा मेळा, भरला आहे हे स्थानिकांना वेगळे सांगावे लागत नाही. काही डॉलरचे तिकीट काढून आत शिरण्यापूर्वी स्वतःची बंदूक सोबत आणलेल्या प्रत्येकाला दाराशी थांबवले जाते, ती रिकामी असल्याची खात्री केली जाते आणि तिच्यातून गोळी सुटू शकणार नाही अशा रीतीने प्लॅस्टिकची पट्टी बांधली जाते. त्यानंतर तो माणूस ती रायफल खांद्याला अडकवून सभागृहभर हिंडू शकतो, आणि ती विकायची असल्यास किंमत लिहिलेली चिठ्ठी तिच्या नळीत खोचून ठेवतो. टेबलांच्या रांगांमधून चाललेला हा फिरता व्यवहार गन शोइतकाच जुना आहे.

मद्य, तंबाखू आणि बंदुका यांचे नियमन करणाऱ्या अमेरिकी केंद्रीय विभागाने, म्हणजे एटीएफने, जानेवारी १९९९ मध्ये या मेळ्यांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. एकट्या १९९८ या वर्षात देशभरात ४,४४२ मेळ्यांची जाहिरात झाल्याचे त्यात नोंदवले आहे, आणि टेबल लावणाऱ्यांपैकी निम्मे ते पाऊण विक्रेते परवानाधारक असल्याचेही म्हटले आहे. उरलेले विक्रेते आपला खासगी संग्रह विकणारे, सुटे भाग विकणारे, किंवा बंदुकीशी दुरूनच नाते असलेल्या वस्तू मांडणारे होते. त्या अहवालाला आता पाव शतक उलटून गेले आहे. मेळे आजही भरतात आणि अनेक ठिकाणी गर्दीही टिकून आहे, तरीही जुने संग्राहक एकमेकांना भेटले की पूर्वीचा माल आता दिसत नाही अशी खंत व्यक्त करतात. ही खंत केवळ सरल्या काळाच्या ओढीतून आलेली नाही, तिला ठोस कारणे आहेत, आणि ती पाहायची तर मेळ्याचा आरंभ कोणी केला तेथपासून सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत संग्राहकांची मंडळे वाढू लागली. युरोपातून आणि पॅसिफिक महासागरातील बेटांवरून परतलेल्या सैनिकांनी जर्मन ल्युगर पिस्तुले, वॉल्थर पिस्तुले आणि जपानी अरिसाका रायफली सोबत आणल्या होत्या. त्या पाहायला, ओळखायला आणि अदलाबदल करायला माणसे एकत्र येऊ लागली. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील मेळ्याची परंपरा १९५०च्या दशकापर्यंत मागे जाते. एका छताखाली सुमारे ११ एकर जागेत चार हजारांहून अधिक टेबले मांडणारा तो मेळा जगातील सर्वांत मोठा असल्याचे सांगितले जाते.

या मेळ्यांचा खरा कस तेथील ज्ञानावरून ठरत असे. ल्युगर पिस्तुलाच्या बारीकसारीक भागांवर अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे कोरलेले असतात, आणि ते मुख्य अनुक्रमांकाशी जुळले तर किंमत एक, न जुळले तर दुसरीच. जपानी रायफलीवर सम्राटाचे शेवंतीच्या फुलाचे चिन्ह कोरलेले असे. शरणागतीनंतर ते बहुतेक रायफलींवरून घासून टाकण्यात आले, त्यामुळे ज्या रायफलीवर ते शाबूत राहिले, ती रणभूमीवरून थेट आलेली असण्याची शक्यता अधिक मानली जाते. विंचेस्टर कंपनीने १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी आपल्या ‘मॉडेल ७०’ शिकारी रायफलीची घडण बदलली, म्हणून त्यापूर्वीच्या रायफली आजही वेगळ्या मानाने हाताळल्या जातात. असे शेकडो तपशील टेबलामागे बसलेला वृद्ध विक्रेता समोरच्या तरुणाला वस्तू हातात देऊन समजावत असे, आणि त्या तरुणाने शेवटी काहीच विकत घेतले नाही तरी त्याचे कोणाला वाईट वाटत नसे. माझ्या मते गन शोची गुणवत्ता मोजायची असेल, तर टेबलांच्या संख्येपेक्षा असे संवाद त्या सभागृहात किती घडतात, हे पाहणे अधिक योग्य ठरेल.

कायद्यानेही या मेळ्यांना घडवले. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने परवानाधारक विक्रेत्याला त्याच्या नोंदणीकृत जागेशी बांधून टाकले आणि परदेशी लष्करांच्या जुन्या बंदुकांची आयात जवळजवळ थांबवली. १९८०च्या दशकाच्या मध्यास दोन्ही बंधने सैल झाली. जुन्या लष्करी बंदुका संग्रहणीय वस्तू म्हणून पुन्हा येऊ लागल्या, आणि राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी मे १९८६ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने परवानाधारकांना आपल्या राज्यातील गन शोमध्ये विक्री करण्याची स्पष्ट मुभा दिली. पुढची वीस-पंचवीस वर्षे हा या मेळ्यांचा भरभराटीचा काळ होता.

त्या काळातील टेबलांवर जगभरच्या शस्त्रागारांतील शिल्लक माल येऊन पडत असे. सोव्हिएत बनावटीच्या मोसिन-नागांत रायफली संरक्षक वंगणात माखलेल्या अवस्थेत लाकडी पेट्यांतून येत, आणि २०००च्या दशकातही त्यांतील एखादी शंभर डॉलरच्या आत मिळत असे. स्वीडनच्या सुबक माउझर, चीनच्या एसकेएस आणि ब्रिटिश ली-एनफील्ड यांच्या शेजारी बंगालमधील ईशापूर कारखान्यात घडलेल्या भारतीय रायफलीही मांडलेल्या दिसत. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा येथे आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार झालेली ७.६२ मिलिमीटरची काडतुसे शिल्लक माल म्हणून अमेरिकेत पोहोचली होती, आणि त्यांच्या बुडावरील ‘ओएफव्ही’ ही अक्षरे तेथील अनेक नेमबाजांच्या परिचयाची झाली. त्या मालाविषयी त्यांचे मत फारसे अनुकूल नव्हते, हेही सांगायला हवे. तरीही भुसावळजवळच्या एका गावाचे नाव, संक्षिप्त रूपात का होईना, ओक्लाहोमा किंवा ओहायोतील टेबलापर्यंत जावे, यावरून त्या बाजाराचा आवाका लक्षात येतो.

हा ओघ हळूहळू आटला. १९९४ मध्ये चिनी बंदुकांची आयात बंद झाली, २०१४ मध्ये युक्रेन प्रकरणातील निर्बंधांमुळे कलाश्निकोव्ह समूहाचा माल थांबला आणि २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी आली. शिवाय शिल्लक माल ही मुळातच संपणारी गोष्ट आहे, कारण साध्या लाकडी दस्त्याच्या लष्करी रायफली आता कोणी नव्याने घडवत नाही. कधीकाळी शंभर डॉलरला मिळणाऱ्या मोसिन-नागांतसाठी आज त्याच्या अनेक पट रक्कम मोजावी लागते, आणि ती घासाघीस न करता देणारा ग्राहकही सापडतो.

दुसरा बदल विक्रेत्यांच्या बाजूने झाला. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत बंदूक विक्रीचे सुमारे अडीच लाख परवाने होते, आणि त्यांतील पुष्कळसे घरातून छंद म्हणून व्यवहार करणाऱ्यांचे होते. वर्षाला दहा डॉलर एवढ्या नाममात्र शुल्कात परवाना मिळे. १९९३ मध्ये तीन वर्षांसाठी दोनशे डॉलर शुल्क आले, पाठोपाठ अर्जांची छाननी कडक झाली आणि दशक संपेपर्यंत ही संख्या पाऊण लाखाच्या आसपास उतरली. या कडक छाननीला योग्य कारणे होती, कारण ज्याचा कोणी मागोवा घेत नाही असा परवाना गैरवापराला आमंत्रण देत असे. मात्र याच काळात हौशी परवानाधारकांचा मोठा वर्ग बाजूला झाला, आणि टेबलांमागे व्यावसायिक दुकानदारांचे प्रमाण वाढत गेले.

सर्वांत खोल परिणाम केला तो इंटरनेटने. १९९९ मध्ये ईबेने आपल्या संकेतस्थळावरील बंदुकांची विक्री थांबवली आणि त्याच वर्षी केवळ बंदुकांच्या लिलावासाठी गनब्रोकर हे संकेतस्थळ सुरू झाले. तोपर्यंत दुर्मिळ वस्तू विकायची तर ती मेळ्यात नेण्यावाचून फारसा मार्ग नसे. आता घरी बसून छायाचित्रे टाकली की अलास्कापासून फ्लोरिडापर्यंतचे संग्राहक बोली लावतात, आणि वस्तू खरेदीदाराच्या राज्यातील परवानाधारकाकडे पाठवून कागदपत्रे तेथे पूर्ण होतात. टेबलाचे भाडे, हॉटेल, पेट्रोल आणि दोन दिवस यांचा हिशेब मांडणारा विक्रेता आपली उत्तम वस्तू मेळ्यात का आणील? खरेदीदाराच्या हातातही फोन आला, आणि दर तेथेच तपासता येऊ लागल्यामुळे जाणकाराच्या डोळ्याला लाभणारी ‘सापडली एकदाची’ ही संधी जवळजवळ नाहीशी झाली. ल्युगरचा अनुक्रमांक जुळवण्याचे कौशल्य ज्याने वीस वर्षे खपून मिळवले, त्याचे मोल त्यामुळे कमी झाले याचे मला मनापासून दुःख होते.

रिकामी झालेली टेबले मग ज्यांना परवडली त्यांनी भरली. नवी पिस्तुले, एआर-१५ रायफलींचे सुटे भाग आणि मॅगझिने यांच्या जोडीला सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या, स्वस्त सुऱ्या, दागिने, झेंडे आणि घोषणा छापलेले टी-शर्ट यांची दुकाने लागली. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते तीच वस्तू त्याच किमतीला पाहण्यासाठी तिकीट का काढावे, हा नियमित ग्राहकांचा प्रश्न रास्त आहे. आयोजकांची अडचणही समजून घ्यावी लागेल, कारण सभागृहाचे भाडे टेबलांच्या संख्येवर भागते आणि संग्राहक येत नाही म्हणून टेबल रिकामे ठेवणे त्यांना परवडत नाही.

या घसरणीच्या काळात गर्दीही घटत गेली असेल, असे आपल्याला सहज वाटेल. प्रत्यक्षात गर्दीला वेगळाच नियम लागू पडला. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर नवे निर्बंध येणार अशी चर्चा सुरू झाली आणि देशभरातील मेळ्यांच्या दारांशी लांब रांगा लागल्या. पुढील वर्षी तर .२२ सारखी अगदी साधी काडतुसेही मिळेनाशी झाली, आणि जेथे मिळत तेथे नेहमीच्या कितीतरी पट दराने विकली जात. महासाथीच्या २०२० या वर्षात अनेक मेळे रद्द झाले, तरी बंदूक खरेदीशी निगडित केंद्रीय तपासण्यांची संख्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांपर्यंत गेली, आणि सभागृहे उघडताच ही मागणी तेथेही पोहोचली. अशा वेळी येणारा ग्राहक पुष्कळदा पहिलीच बंदूक घेत असतो. त्याला शेवंतीच्या चिन्हाशी कर्तव्य नसते, आणि त्याला समजावून सांगायला टेबलामागच्या माणसाला उसंतही नसते. मेळ्याच्या इतिहासातील सर्वाधिक गर्दीचे दिवस आणि सर्वांत सुमार मालाचे दिवस यामुळेच अनेकदा एकत्र आले.

या मेळ्यांच्या लौकिकावर सर्वांत मोठा ओरखडा उमटला तो एप्रिल १९९९ मध्ये. कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी तेरा जणांचे प्राण घेतले, आणि त्यांनी वापरलेल्या बंदुकांपैकी तीन डेन्व्हर परिसरातील एका गन शोमध्ये त्यांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीने खासगी विक्रेत्यांकडून घेतल्या असल्याचे उघड झाले. परवानाधारकाने विक्री केली तर ती दुकानात असो वा मेळ्यात, अर्ज भरून घेणे आणि पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक असते. खासगी व्यक्तीवर केंद्रीय कायद्याने हे बंधन घातलेले नाही. कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे सत्तर टक्के मतांनी आपल्या राज्यातील मेळ्यांपुरती ही वाट बंद केली. देशाच्या सिनेटमध्ये मे १९९९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने अशीच दुरुस्ती संमत झाली होती, पण ती कायद्यात उतरली नाही, आणि एप्रिल २०१३ मधील प्रस्तावाला चौपन्न मते मिळूनही आवश्यक साठचा टप्पा गाठता आला नाही.

या वादात दोन्ही बाजू आपापले पुरावे मांडतात. अमेरिकी न्याय विभागाने २०१६ मध्ये केलेल्या कैद्यांच्या पाहणीत, गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्यांपैकी केवळ ०.८ टक्के कैद्यांनी ती गन शोमधून मिळवल्याचे सांगितले. दुसऱ्या बाजूला, कॅलिफोर्नियातील डॉक्टर आणि संशोधक गॅरेन विंटेम्यूट यांनी १९ राज्यांतील ७८ मेळ्यांची पाहणी केली, आणि दुसऱ्याच्या नावावर बंदूक खरेदी करण्याचे प्रकार उघडपणे घडताना नोंदवले. माझ्या दृष्टीने ही दोन निरीक्षणे एकमेकांना खोडून काढत नाहीत, कारण कैद्याच्या हाती शेवटी आलेली बंदूक आधी कोणकोणत्या हातांतून गेली, हे त्या पाहणीतून कळत नाही. अनोळखी माणसाला ओळखपत्रही न पाहता बंदूक देण्याचे समर्थन मला करता येत नाही. अनेक जुन्या संग्राहकांनाही ते रुचत नाही, आणि राज्याचा परवाना दाखवल्याशिवाय व्यवहार न करण्याची शिस्त त्यांपैकी काहींनी स्वतःहून पाळली आहे.

कॅलिफोर्नियाने याहून कठोर मार्ग निवडला. सॅन दिएगोजवळील डेल मार मैदानावरील विक्री २०२१ पासून थांबली, पुढे ही बंदी राज्याच्या मालकीच्या सर्व जागांना लागू झाली आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानेही ती वैध ठरवली. त्या राज्यातील मोठे मेळे प्रामुख्याने अशाच सरकारी मैदानांवर भरत असल्यामुळे त्यांतील अनेकांचा आधार गेला.

गुणवत्ता पूर्णपणे लोपली, असे मात्र म्हणता येणार नाही. मेरिलँडमधील टिमोनियमच्या मैदानावर प्राचीन शस्त्रांचा वार्षिक मेळा भरतो. ओहायोतील संग्राहकांची संघटना आपले मेळे सभासदांपुरते राखते, त्यामुळे तेथे टेबलावर काय मांडले जाते यावर देखरेख राहते. केंद्रीय कायदा १८९८ पर्यंत घडलेल्या बंदुकांना प्राचीन वस्तू मानतो, आणि अशा वस्तूंचे अभ्यासक आजही शेकडो मैल गाडी चालवून अशा मेळ्यांना येतात. मात्र त्यांचे वय वाढत चालले आहे. एखादा संग्राहक निवर्तला की त्याचा संग्रह पूर्वी मित्रमंडळींच्या टेबलांवरून विखुरला जात असे, आता वारस तो इलिनॉयमधील रॉक आयलंड किंवा पेनसिल्व्हेनियातील मॉर्फी अशा लिलावगृहांकडे सोपवतात. तेथे प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, वर्णन आणि अंदाजित किंमत छापील सूचीत येते, आणि बोली लावणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती वस्तू कधी हातातही घेतलेली नसते.