मुंबईच्या सागवानातली सुधारशाळा

श्रोतेहो, नमस्कार.

१८१५ साली मुंबईच्या गोदीतून सागवानी लाकडाची एक युद्धनौका पाण्यात उतरली. ७४ तोफांचे हे जहाज जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधले होते आणि त्याचे नाव होते वेलस्ली. १८३९ मध्ये इंग्रजांनी कराची घेतली तेव्हा ते तिथे होते. पण त्याच्या लढायांची हकिगत सांगण्यासाठी मी आज आलेलो नाही. तोफा उतरवल्यानंतर, १८६८ पासून, लंडनच्या पूर्वेला टेम्स नदीत पर्फ्लीट या गावापाशी ते नांगरून ठेवण्यात आले, त्याला कॉर्नवॉल हे नवे नाव मिळाले आणि न्यायालयाने गुन्हेगार ठरवलेली मुले त्यावर राहू लागली. आपल्या गोदीत घडलेले हे लाकूड व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमध्ये मुलांची सुधारशाळा झाले होते.

या जहाजावर पोहोचलेल्या एखाद्या मुलाची, त्याला नाव न देता, आपण कल्पना करू. साल १८७०, वय १३, घर लंडनच्या एखाद्या दाट वस्तीतले, गुन्हा दुकानाबाहेर टांगलेले बूट उचलल्याचा. १८५४ च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला असा अधिकार दिला होता, की सोळा वर्षांखालच्या अपराधी मुलाला दोन ते पाच वर्षांसाठी सुधारशाळेत पाठवावे. मात्र त्याआधी त्याने तुरुंगवास भोगलाच पाहिजे. सुरुवातीला ही मुदत किमान १४ दिवसांची होती, १८६६ च्या कायद्याने ती १० दिवसांवर आली. म्हणजे ज्या तुरुंगापासून मुलांना वाचवायचे म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्याच तुरुंगाच्या दारातून मूल शाळेत जाई.

त्या तुरुंगात कैद्यांना नेहमी देण्यात येणारे एक काम होते. जहाजांवरच्या जुन्या, डांबराने कडक झालेल्या दोरखंडांचे तुकडे समोर टाकले जात आणि ते बोटांनी पीळ सोडवून, नखांनी उकलून, मऊ तंतू होईपर्यंत पिंजावे लागत. नखांखाली डांबर जाई, बोटांची टोके सोलवटत. हे तंतू पुढे लाकडी जहाजांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवण्याच्या कामी येत. आपला मुलगा दहा दिवस हे करून मग अशाच एका लाकडी जहाजावर चढत असे.

चढल्यावर आंघोळ, केस बारीक कापणे, खलाशी पोऱ्याचा गणवेश. जिथे एके काळी तोफा होत्या, त्या ठेंगण्या छताच्या मजल्यावर रात्री जाड कापडाच्या झोळ्या ओळीने टांगायच्या आणि पहाटे त्या घट्ट गुंडाळून ठेवायच्या. मग पाणी ओतून डेक घासायचा. प्रार्थना, पाव आणि कोको, नंतर काम आणि शाळा यांची दिवसभर आलटून पालटून पाळी. गाठी मारणे, वल्ही चालवणे, शिडे चढवणे-उतरवणे, होकायंत्र वाचणे आणि स्वतःचे कपडे स्वतः शिवणे. चुकल्यास वेताची किंवा फोकाची शिक्षा आणि पळून जाताना सापडल्यास पुन्हा तुरुंग.

या मुलांना तिथे पोटभर खायला मिळाले, अक्षरओळख झाली, हाताला कसब आले, हे मी नाकारत नाही. १८५२ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुडची सुधारशाळा काढणाऱ्या मेरी कार्पेंटर यांच्या तळमळीबद्दलही माझ्या मनात आदरच आहे. १८६६ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर असताना त्या भारतात आल्या तेव्हा मुंबईतही येऊन गेल्या होत्या. मुलाला आधी तुरुंगात घालण्याची अट त्यांना सुरुवातीपासून मान्य नव्हती आणि त्यांनी तिच्याविरुद्ध सातत्याने लिहिले. ती अट पूर्णपणे रद्द झाली १८९९ मध्ये. त्याआधीच, १८७७ मध्ये, बाईंचे निधन झाले होते.

मला अस्वस्थ करते ती वर्षांची मोजदाद. तेच बूट मोठ्या माणसाने चोरले असते, तर तो काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत घरी परतला असता. मुलाला मात्र तीन, चार, पाच वर्षे, कारण ती शिक्षा नव्हती, ते त्याचे भले होते; आणि भले करायचे म्हटले की दिवस मोजण्याची गरज कोणाला वाटत नाही. आईबापांकडून त्याच्या खर्चापोटी आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम वसूल करण्याची तरतूद कायद्यात होती, आणि मजुराच्या घरी एवढे पैसे काढून ठेवणे सोपे नव्हते. मी स्वतः काही वर्षे आपल्याकडच्या एका बालगृहात मुलांना गणित शिकवायला जात असे. हातचा घ्यायला विसरणारा एक मुलगा भेटीचे किती रविवार उरले आहेत, हे मात्र कधीही चुकत नसे. टेम्सवरच्या त्या मुलांनीही असेच काहीतरी मोजले असेल, असे मला फार वाटते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. युद्धनौकेवर वाढलेल्या, खलाशी म्हणून तयार केलेल्या या मुलांना इंग्लंडचे शाही नौदल घेत नसे, कारण त्यांच्या नावावर गुन्हा लागलेला होता. त्यांच्यासाठी व्यापारी जहाजे होती, नाहीतर वसाहतींत जाणे किंवा किनाऱ्यावरची मजुरी. सुटल्यानंतरही तीन वर्षे मुलाची खबर ठेवून ती वरिष्ठांना कळवणे शाळेवर बंधनकारक होते. नोंदवहीत एका मुलाच्या नावापुढे चांगला चालला आहे असा शेरा येई, दुसऱ्यापुढे पुन्हा शिक्षा झाल्याचा आणि कित्येकांपुढे ठावठिकाणा माहीत नसल्याचा.

ते जहाज मात्र टिकले. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ते टेम्समध्ये बुडाले. १९४८ मध्ये ते वर काढून मोडण्यात आले, आणि त्याच्या लाकडांपैकी काही लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीची डागडुजी करताना वापरली गेली.