भिंतीवर सक्युलंट लावायचेत? आधी मातीचं बघा

नमस्कार मंडळी. आपण सातारकर कासच्या पठारावर फुलं बघायला जातो, २०१२ साली युनेस्कोच्या यादीत आल्यापासून तर गर्दी विचारूच नका, पण तिथं एकदा फुलं सोडून खाली कातळाकडं बघा. जांभ्यावर मातीचा थर कुठं कुठं जेमतेम बोटभर असतो, पाऊस पडला की पाणी वाहून जातं, आणि तरी झाडं तग धरतात. सक्युलंटला, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांना, नेमकं असंच बूड लागतं आणि आपण त्यांना घालतो शेतातली काळी माती, जी पाणी धरून बसते. झाड पाण्याअभावी मरत नाही हो, मुळं कुजून मरतं.

म्हणून व्हर्टिकल प्लँटर, म्हणजे भिंतीवर उभी टांगायची झाडांची चौकट, करताना लाकडाच्या चौकटीआधी मातीचं बघा. एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक खडे, वर मूठभर गांडूळखत, बास. चौकट दीड फूट बाय एक फूट, खोली दोन-अडीच इंच, मागं प्लायवूड, त्याला खालच्या बाजूला पाणी निघायला भोकं पाडायची आणि पुढं कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी ठोकायची. भिजल्यावर हे आठ-दहा किलो भरतं, त्यामुळं नुसत्या खिळ्यावर टांगू नका, भिंतीत ड्रिल करून स्क्रूच घाला.

आता कटिंग, म्हणजे लावायला तोडलेला झाडाचा तुकडा. एचेव्हेरिया, सेडम, ग्राप्टोपेटॅलम, जेड, यातलं कुठलंही सक्युलंट घ्या, पण तोडल्या तोडल्या लावू नका, चार-पाच दिवस सावलीत ठेवा, काप कोरडा होऊन त्यावर पापुद्रा धरला पाहिजे, ओल्या कापातूनच बुरशी आत शिरते. मग जाळीतून काडीनं भोक पाडून खोचा आणि चौकट आडवीच ठेवा, महिना-दीड महिना. इथं सगळ्यांना घाई होते, फोटो काढायचा असतो ना! मुळं धरायच्या आधी उभी केली की माती आणि कटिंग दोन्ही खाली येतात. हलकं ओढून बघा, कटिंग हललं नाही की मगच टांगा.

पाणी घालताना चौकट उतरवून आडवी करायची, नाहीतर वरची झाडं कोरडी आणि खालची चिखलात. माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही. यातली बरीचशी झाडं पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळं पाणी फार कमी उडतं, उन्हाळ्यातसुद्धा रोज पाणी लागत नाही. सकाळचं ऊन भरपूर द्या, एप्रिल-मेमधलं पश्चिमेचं ऊन मात्र टाळा, सांगलीकडच्यांनी तर नक्कीच, पानं भाजतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ती मिलीबग नावाची कीड, द्राक्षबागायतदारांना वेगळं सांगायला नको, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं लगेच पुसा.

आणि सुरुवात दिवाळीच्या आसपास करा, जूनमध्ये नको. पावसाळ्यात चौकट पागोळीखाली नको, आत पत्र्याखाली घ्या, हवा खेळती ठेवा, पाणी जवळजवळ बंदच.