खोट्या वर्दीचं बिल

पत्रिकेवर विषय छापलाय 'खोटी वर्दी आणि कायदा'. वर्दी म्हणजे गणवेश नव्हे, आग लागली, बॉम्ब आहे अशी यंत्रणेला दिलेली खबर. त्यावर बोलणारच आहे, पण आधी माझा एक लाडका खटला. वकिलाला खटला सांगू दिला नाही, तर त्याला जेवण जात नाही.

३० ऑक्टोबर २०१७. पहाटेची वेळ, मुंबईहून दिल्लीला निघालेलं विमान. स्वच्छतागृहातल्या टिश्यूच्या डब्यात एक चिठ्ठी सापडते. विमानात अपहरणकर्ते आहेत, बॉम्ब आहे, सरळ पाकव्याप्त काश्मीरला चला! वैमानिकाने विमान अहमदाबादला उतरवलं. बॉम्ब नाही, अपहरणकर्ते नाहीत. संशय आला त्याच विमानात बसलेल्या मुंबईच्या एका व्यापाऱ्यावर. आता कारण ऐका. तपास यंत्रणेचं म्हणणं असं, की त्याची मैत्रीण त्या विमान कंपनीच्या दिल्लीच्या ऑफिसात होती. दिल्लीचा कारभार बंद पडला की ती मुंबईला परत येईल, असा याचा हिशोब. हसू नका. पहिल्या रांगेत जे सगळ्यांत मोठ्याने हसले, त्यांनी बायकोच्या बदलीसाठी मंत्रालयात किती खेटे घातले ते मला ठाऊक आहे.

जून २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, वर पाच कोटी दंड. त्यातून प्रवाशांना पंचवीस-पंचवीस हजार द्यायचे होते. २०१६च्या विमान अपहरणविरोधी कायद्याखालची ही देशातली पहिली शिक्षा. चांगली अद्दल घडली म्हणून लोक खूश. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं! चिठ्ठी त्यानेच ठेवली, हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही. जन्मठेप मागायची तर पुरावाही तेवढाच भक्कम हवा, नुसता राग पुरत नाही.

आता दुसरं टोक. कोणी बिनविमानाचा माणूस 'आग लागलीय' म्हणून १०१ला खोटी वर्दी देतो. बंब घंटा वाजवत निघतो, गल्लीत अडकतो, जवान पाईप सोडवतात, आणि समोरच्या टपरीवर तोच गडी मजा बघत उभा! त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २१७. फार तर एक वर्ष, दंड दहा हजारांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८२ मध्ये तर सहा महिने आणि हजार रुपये होते. बरं, गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. कोर्टात लेखी तक्रार ज्याला खोटी वर्दी दिली त्या अधिकाऱ्यानेच किंवा त्याच्या वरिष्ठाने करायची. रात्रपाळी संपवून, डोळे चोळत, तारखांना कोण उभं राहणार? रजिस्टरात 'खोटी वर्दी' असा शेरा पडतो, संपलं.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आलीय. धमकीची नाही, वेळेची आहे, म्हणजे तीच. मूळ विषय पाच मिनिटांत उरकतो.

माझं म्हणणं एवढंच: तुरुंग नंतर, आधी बिल. अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला २००९ मध्ये एका जोडप्याने कळवलं, की मुलगा हेलियमच्या फुग्यातून उडून गेला. हेलिकॉप्टरं निघाली, पोरगं घरातच लपलेलं. बापाला नव्वद दिवसांचा तुरुंग झाला, शिवाय छत्तीस हजार डॉलर भरपाई. (पुढे गव्हर्नरने माफी दिली, ते सोडा.) तसंच इथे डिझेल, जवानांचे तास, रिकामी धावलेली १०८, सगळं मांडून वसूल करा. जीव गेला तर मात्र कडक शिक्षा. अमेरिकेतल्याच विचिटा शहरात २०१७ मध्ये खोट्या फोनवरून पोलीस एका घरी गेले, दारात आलेला निरपराध माणूस त्यांच्या गोळीने मेला. फोन करणाऱ्याला वीस वर्षं झाली. ते योग्यच.

शेकोटीचा धूर बघून आग समजून कोणी फोन केला, तर त्याने घाबरू नये. खोटं आहे हे माहीत असून कळवलं, तरच गुन्हा होतो. ही अट कुणी काढायला निघालं, तर मी विरोध करीन. शाळकरी मुलांचा मुद्दा राहिला. मुलाच्या नावे गुन्हा नको, बिल वडिलांच्या नावे पाठवा, आणि तेही हप्त्याने फेडायची सोय ठेवून.