मिक्सर, घड्याळ आणि जीवाणूंची जनुकं

श्रोतेहो, नमस्कार. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जीवाणू. दोन पेशी जोडल्या गेल्या की एकीची जनुकं दुसरीत जातात. १९५०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एली वोलमन आणि फ्रान्स्वा झाकोब यांनी ती कोणत्या क्रमाने जातात हे शोधलं, तेही स्वयंपाकघरातल्या मिक्सरने!

दात्याच्या, म्हणजे जनुकं देणाऱ्या पेशीच्या, गुणसूत्रात 'एफ' हा जोडी जमवणारा डीएनएचा तुकडा बसलेला हवा. तिथूनच डीएनएचा एकेरी धागा बाहेर पडतो. दाता स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने मरणारा. ग्राहक, म्हणजे जनुकं घेणारी पेशी, त्याला दाद न देणारा, पण थ्रिओनिन आणि ल्युसिन ही अमिनो आम्लं बनवू न शकणारा. दोघांना ३७ अंश सेल्सिअसला एकत्र ठेवायचं. ठरावीक मिनिटांनी थोडं मिश्रण काढून मिक्सरमध्ये फिरवायचं. जोड्या तुटतात, पेशी जगतात. मग ते स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या, पण ही दोन आम्लं नसलेल्या आगरवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, पसरायचं. वाढेल तो जनुकं मिळालेला ग्राहक.

थ्रिओनिन-ल्युसिनची जनुकं साधारण ८व्या मिनिटाला पोचतात, दुधातली साखर पचवणारं १८व्या, गॅलॅक्टोजचं २५व्या. सुमारे ४६ लाख अक्षरांचं अख्खं गुणसूत्र जायला १०० मिनिटं लागतात. इतका वेळ जोडी क्वचितच टिकते.

मिश्रण जोरात हलवलंत तर जोड्या आधीच तुटतात. दात्याचं स्ट्रेप्टोमायसिनने मरायला लावणारं जनुक धाग्याच्या सुरुवातीला असेल तर तेच आधी ग्राहकात शिरतं आणि हवी ती पेशीच आगरवर मरते. आणि सर्वांत फसवी अडचण लॅम्डा फेजची, म्हणजे दात्याच्या डीएनएत झोपलेल्या विषाणूची. लॅम्डा नसलेल्या ग्राहकात तो शिरला की जागा होतो, पेशी फोडतो. गॅलॅक्टोजचं जनुक त्याच्या अगदी शेजारी, म्हणून ते मिळालेल्या वसाहती एकदम घटतात.

आत आलेला तुकडा ग्राहकाच्या गुणसूत्रात जोडला गेला नाही तर नष्ट होतो. हे जोडकाम मुख्यतः रेकए या प्रथिनामुळे होतं. प्लास्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं, मात्र स्वतंत्रपणे टिकतं.

अशी भर लाखो वर्षं पडत गेली की काय होतं? २००१ साली ओ१५७ या घातक ई. कोलायचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या के-१२मध्ये नसलेली १,३८७ जनुकं त्यात सापडली. शिगा विषाची जनुकं त्यातलीच, आणि तीही झोपलेल्या फेजमध्ये. म्हणूनच ओ१५७ची लागण झालेल्या रुग्णाला प्रतिजैविक देताना डॉक्टर कचरतात: काही औषधांनी जीवाणूचा डीएनए दुखावला की फेज जागा होतो आणि विष वाढतं.