मे महिन्यातला समुद्र आणि आपला गळ

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना लागला की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाड्या घाट उतरायला लागतात. कुणी चोर्ल्यातून गोव्याला, कुणी अनमोडवरून कारवारला, कुणी आंबोलीतून वेंगुर्ला-मालवणला. त्यातल्या काही गाड्यांच्या डिकीत हल्ली रॉड आणि रील असतं. मलप्रभेच्या डोहात किंवा हिडकलच्या जलाशयावर गळ टाकून हात बसलेली ही मंडळी. आता त्यांना बोटीनं बाहेर जाऊन इसवण, म्हणजे सुरमई, गरवायचीय. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. उन्हाळ्यात समुद्रावर गळाचा दिवस पहाटे पाचला उजाडतो आणि अकराच्या सुमारास संपतो. आपण काय करतो? घरून नाष्टा उरकून सातला निघायचं, वाटेत दोनदा चहा, बाराच्या सुमारास किनाऱ्यावर, जेवण झाल्यावर दोनला बोट. मग संध्याकाळी तक्रार, की समुद्रात मासाच राहिला नाही. मासा होता हो, आपणच उशिरा पोचलो. त्यामुळं आदल्या रात्री मुक्कामाला जा. त्याला दुसरा इलाज नाही.

याचं कारण वाऱ्यात आहे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथं कामाला येतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, त्यामुळं पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडं वाहतो. हा मतलई वारा हलका असतो. किनाऱ्याजवळचं पाणी त्यानं खवळत नाही, छोटी फायबर होडीसुद्धा सुखानं बाहेर पडते. नऊ-दहाला तो मरतो आणि मधे थोडा वेळ पाणी अगदी निपचित पडतं. त्यानंतर तापलेली जमीन समुद्रावरचा वारा ओढायला लागते. दुपारी दोन ते पाच हा वायव्येकडून येणारा खारा वारा चांगलाच जोर धरतो. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, बोट किनाऱ्याकडं वळवतो. ‘अजून अर्धा तास थांबूया’ असं तेव्हा त्याला म्हणू नका. परतताना त्या आखूड, उभ्या लाटा बोटीला कशा आपटतात हे त्याला माहीत असतं, आपल्याला नसतं.

दुसरं कारण पाण्याची ऊब. एप्रिल-मे महिन्यात आपल्या बाजूच्या अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान २९ ते ३१ अंशांपर्यंत चढतं. वर्षातलं सर्वांत गरम पाणी हेच. वरचा थर गरम आणि हलका, खालचा थंड आणि जड, आणि दोन्ही ढवळतील असा जोरकस वारा नाही. त्यामुळं खालचं पोषण वर येत नाही, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. गाळ खाली बसलेला असल्यानं पाणी मात्र छान निवळ दिसतं. अशा निवळ पाण्यात कडक ऊन पडलं की मासा वर थांबत नाही, खोल जातो किंवा खडपांच्या सावलीला शिरतो. आमिष बोटीच्या मागून ओढायचं ते कोवळ्या उन्हात, दहानंतर शिसं लावून गळ खाली सोडायचा, हा साधा हिशेब.

मासा सगळीकडं सारखा पसरलेला नसतो. बुडालेल्या खडकांच्या कडा, बेटांच्या वाऱ्याआडच्या बाजू, नदीचं पाणी समुद्राला मिळतं तिथली रेघ, या जागा धरायच्या. कारवारला काळी नदीच्या मुखासमोर ही रेघ कधी कधी डोळ्यांना दिसते. एका अंगाला हिरवट पाणी, दुसऱ्या अंगाला निळं, आणि मधे फेस, पालापाचोळा. तारली आणि बांगडा अशा रेघेला धरून फिरतो आणि त्यांच्यामागं इसवण. पक्षी एकाच जागी सूर मारत असतील तर तिकडं जा, पण थव्याच्या मधून बोट घालू नका. कडेनं वळसा घ्या. मधून गेलात की तारली बुडी मारते आणि मागं फक्त पक्षी उरतात. कारवारच्या आसपास नौदलाचं क्षेत्र आहे, मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुठं जायचं आणि कुठं नाही हे ठाऊक असलेला स्थानिक तांडेल घ्या. चार पैसे वाचवायला नवख्या पोराची बोट घेऊ नका.

इसवणीबद्दल थोडं. तिचे दात जवळून बघा: चपटे, त्रिकोणी, करवतीसारखे एका ओळीत. साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ती एका चाव्यात कापते आणि महागाचं आमिष घेऊन जाते. म्हणून गळाच्या वर वीतभर बारीक पोलादी तार हवी. इसवण गळाला लागली की तिची पहिली धाव शंभर मीटरच्या घरात जाऊ शकते. रीलचा ब्रेक आवळून ठेवणारे आपले लोक इथं फसतात. मरळीला ओढतात तसं इसवणीला ओढायचं नसतं, पळू द्यायचं असतं. दुसऱ्या धावेनंतर ती दमते.

आता भरती-ओहोटी. कोळ्यांचा जुना हिशेब असा, की तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईकडचा. आपल्या कारवार-गोव्याकडं भरती त्याच्या थोडी आधी येते. गंमत अशी, की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पहाटेपासून पाणी चढत असतं आणि आपल्या सकाळभर ते वाहतं राहतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी सुस्त. रजा टाकताना नुसता रविवार बघण्यापेक्षा कॅलेंडरमधली तिथी बघा.

धोक्याचं बोलायलाच हवं, कारण उन्हाळ्यातला समुद्र शांत दिसतो आणि तिथंच माणूस फसतो. एप्रिल-मेमध्ये दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या वादळांच्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्याला येतात. इथं वारा नाही, आभाळ मोकळं, आणि खडकावर बसलेल्याच्या कमरेवरून अचानक पाणी जातं. नदीच्या मुखावर, वाळूच्या उथळ दांड्यावर ही लाट उभी राहते आणि छोटी होडी उलटवते. हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ या संस्थेचे लाटांचे इशारे निघतात. निघायच्या आदल्या दिवशी ते आणि हवामान खात्याचा अंदाज, दोन्ही बघायचे. आपल्याकडं वळीव येतो तसा किनाऱ्यालाही संध्याकाळी गडगडतो. उभा धरलेला कार्बनचा रॉड वीज ओढतो, तेव्हा ढग दिसताच रॉड आडवे आणि तोंड किनाऱ्याकडं. तौक्ते चक्रीवादळ आठवतंय? १४ मे २०२१ रोजी लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं आणि १६ तारखेला वादळ गोव्यासमोर होतं. म्हणजे आठवड्यापूर्वी बघितलेल्या अंदाजाचा काही उपयोग नाही.

लाईफ जॅकेट बोटीत असून चालत नाही, अंगावर लागतं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाईलला रेंज नसते, तेव्हा तांडेलकडं वायरलेस आहे का ते निघतानाच विचारा.

सोडून देण्यासाठी मासे धरणारेही आता वाढलेत, चांगलं आहे. पण गोब्रा वीस-पंचवीस मीटरवरून झरझर ओढून काढला तर त्याचं काय होतं ते बघा. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. वर येताना पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बटबटतात. त्याला पाण्यात टाकून ‘सोडला’ म्हणण्यात अर्थ नाही, तो खाली जाऊच शकत नाही. खोल पाण्यातला गोब्रा खायचा असेल तरच धरा, नाहीतर त्या जागेवर गळ सोडू नका. आणि गळाला कासव लागलं तर दोरी जवळून कापून त्याला जाऊ द्यायचं. कायद्यानं ते संरक्षित आहे.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मासे विणीला असतात, आणि तसाही तेव्हा समुद्र कुणाला आत घेत नाही.

राहिला मासा घरी आणायचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इसवण, बांगडा, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात तासभर जरी राहिले तरी त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार व्हायला लागतं. ते रस्सा कितीही उकळला तरी जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं धरतं, अंगावर गांधी उठतात आणि लोक म्हणतात मसाला बाधला. बोटीवर चढतानाच थर्माकोलच्या पेटीत चुरलेला बर्फ न्या. मासा आला की कल्ल्याशी कापून रक्त जाऊ द्या, आतडी काढा, आणि बर्फात समुद्राचं पाणी घालून त्या काल्यात बुडवा; नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होतो. किनाऱ्यावर ते पाणी ओतून टाका आणि पोटातसुद्धा बर्फ भरा. घाट चढून बेळगावला यायला चार तास लागतात. वाटेत जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा आणि पेटी उघडून कुणाला मासा दाखवत बसू नका.